मंगळवारचा मुलगा आज आला नाही

जुलै महिना उजाडला की पुण्याच्या वाकडेवाडी एस.टी. स्थानकावर आणि संगमवाडीच्या खासगी गाड्यांच्या थांब्यावर भल्या पहाटे एक ठरावीक दृश्य दिसू लागते. परभणी, नांदेड, वाशीम, बुलढाणा, नंदुरबार अशा दूरच्या गावांहून रात्रभर धावून आलेली गाडी थांबते आणि तीतून एक तरुण उतरतो. हातात बॅग, पाठीवर सॅक, काखोटीला वळकटी. मागोमाग वडील उतरतात. त्यांच्या हातात प्लॅस्टिकची बादली असते आणि बादलीत लाडवांचा डबा, शेंगदाण्याची चटणी, लोणच्याची बरणी व चार दिवस टिकतील अशा दशम्या. दिवसभरात दोघे मिळून विद्यापीठ पाहतात, शुल्क भरतात, दोन-चार खोल्या पाहतात. संध्याकाळच्या गाडीने वडील परत निघतात. निघताना खिशातल्या नोटा मोजतात, परतीच्या तिकिटापुरत्या ठेवून घेतात आणि उरलेल्या मुलाच्या हातात देतात. ‘जपून राहा’ यापलीकडे त्यांना काही बोलवत नाही. गाडी सुटते आणि लाखोंच्या त्या शहरात तो तरुण अगदी एकटा उरतो.

हा तरुण काही शाळकरी पोर नव्हे. तो पदवीधर आहे, एकवीस-बावीस वर्षांचा आहे आणि एम.ए., एम.एस्सी. किंवा एम.कॉम. करण्यासाठी आला आहे. नेमकी हीच त्याची अडचण आहे. अकरावीसाठी शहरात आलेल्या मुलाची काळजी सारेच करतात. आई येऊन राहते, मामा चौकशी करतो. पदव्युत्तर विद्यार्थ्याला मात्र समाजाने परस्पर ‘मोठा’ ठरवून टाकलेले असते. त्याच्या बरोबरीचे मित्र गावी शेती पाहू लागलेले असतात, कोणी दुकानात उभा असतो, कोणाचे लग्न ठरलेले असते. घरात धाकट्या बहिणीच्या लग्नाचा विषय निघालेला असतो. अशा वेळी आणखी दोन वर्षे शिकायचे म्हणजे घरावर ओझे टाकायचे, ही भावना तो मनाशी बाळगूनच गाडीतून उतरतो. साहजिकच, आपल्याला काही अडले आहे असे सांगण्याचा त्याला संकोच वाटतो. त्याने सांगितले नाही म्हणून कोणी विचारतही नाही.

पहिले शंभर दिवस

पदव्युत्तर शिक्षण साधारणतः दोन वर्षांचे, म्हणजे चार सत्रांचे. पैकी पहिले सत्र दिवाळीच्या आगेमागे संपत येते. थोडक्यात, नव्या शहरात पाय रोवण्यासाठी विद्यार्थ्याला शंभर-सव्वाशे दिवस मिळतात. याच दिवसांत त्याच्यापुढे अडचणींची जी रांग उभी राहते, तिची कल्पना शहरात वाढलेल्या मध्यमवर्गीय घरांना क्वचितच असते.

पहिली अडचण कागदांची. दुसऱ्या विद्यापीठातून आल्यामुळे स्थलांतर प्रमाणपत्र हवे, पात्रता अर्ज भरायला हवा, जातीचा व उत्पन्नाचा दाखला हवा. एखादा कागद राहिला तर तो आणण्यासाठी चारशे किलोमीटर मागे जावे लागते. दुसरी अडचण निवाऱ्याची. वसतिगृहाची यादी लागेपर्यंत बहुधा वर्ग सुरू होऊन गेलेले असतात. यादीत नाव लागेलच असेही नाही. तोवर ओळखीच्या, किंवा गावाकडच्या ओळखीच्याही ओळखीच्या मुलाच्या खोलीत जमिनीवर चटई टाकून राहावे लागते. अशा बिनानोंदीच्या रहिवाशाला पुण्यातील वसतिगृहांच्या बोलीत ‘पॅरासाइट’ म्हणतात. शब्द थट्टेचा आहे आणि तो वापरणारेही बहुधा स्वतः कधीतरी पॅरासाइट राहिलेलेच असतात. पण गावातल्या पहिल्या पदवीधराची शहरातली पहिली ओळख ‘परजीवी’ अशी असावी, हे काही भूषणावह नाही.

तिसरी अडचण जेवणाची आणि बोलीची. मराठवाड्यातल्या किंवा विदर्भातल्या मुलाच्या ताटात गूळ घातलेली आमटी पहिल्यांदा येते, तेव्हा त्याला ती गोड खीरच वाटते. ज्वारीची भाकरी आणि ठेचा यांची आठवण पहिल्याच आठवड्यात होते. हे सारे सवयीने सुटते. बोलीचे मात्र तितके सहज सुटत नाही. ‘मी येऊन राहिलो’ असे तो बोलला की वर्गात कोणीतरी हसते. हसणाऱ्याच्या मनात द्वेष नसतो, पण ज्याच्यावर हसले जाते तो पुढच्या वेळी बोलतच नाही. तालुक्याच्या महाविद्यालयात गाइडवर पदवी मिळवलेल्या या मुलाला प्राध्यापक सांगतात की, गुरुवारच्या चर्चासत्रापूर्वी हे तीन इंग्रजी लेख वाचून या. तो शब्दकोश घेऊन रात्रभर बसतो, एक लेख कसाबसा पुरा करतो आणि गुरुवारी शेवटच्या बाकावर जाऊन बसतो. बुद्धीने तो कमी नसतो. त्याच्या तालुक्यात तो पहिला आलेला असतो. पण शंभर दिवस जो गप्प बसला, तो बहुधा दोन्ही वर्षे गप्पच बसतो.

यातूनच अलीकडे एक पळवाट रूढ झाली आहे. वर्गात मन रमत नाही, पदवीनंतर नोकरी दिसत नाही, म्हणून मुलगा सदाशिव पेठेतली किंवा नवी पेठेतली एखादी अभ्यासिका गाठतो आणि स्पर्धा परीक्षेच्या तयारीला लागतो. प्रवेश विद्यापीठात, मन अभ्यासिकेत. स्पर्धा परीक्षा देण्यात गैर काहीच नाही. प्रशासनाला ग्रामीण भागातील बुद्धिमान तरुण हवेच आहेत. पण जागा मोजक्या आणि उमेदवार लाखो, हे गणित तेथे कोणालाच चुकलेले नाही. ज्या विषयात तो अभ्यासक किंवा शिक्षक होऊ शकला असता, त्या विषयाची पदवी केवळ वसतिगृहातील कॉट टिकवण्याचे साधन ठरते, हे त्याचेही नुकसान आणि विद्येचेही.

विद्येच्या माहेरघरातील जुना रिवाज

पुणे हे शहर विद्यार्थ्याला नवे नाही. १८२१ साली विश्रामबागवाड्यात संस्कृत पाठशाळा सुरू झाली. तीच पुढे डेक्कन कॉलेज म्हणून नावारूपाला आली आणि १९३९ पासून पदव्युत्तर अध्ययन व संशोधनाची संस्था झाली. १८८५ मध्ये फर्ग्युसन महाविद्यालय, १९१७ मध्ये भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर, १९३० मध्ये गोखले अर्थशास्त्र संस्था आणि १९४९ मध्ये गणेशखिंडीतील विद्यापीठ, अशी ही परंपरा विस्तारत गेली. या साऱ्या संस्थांमध्ये दूरदूरच्या गावांतून मुले आली. त्यांतल्या गरीब मुलांनी कोठे खाल्ले, कोठे झोपले, याचे उत्तर संस्थांच्या इतिहासात कमी आणि वाड्यांच्या आठवणींत अधिक सापडते.

मधुकरी मागणे आणि वार लावून जेवणे, हे त्या काळचे दोन मार्ग. मधुकरी मागणारा मुलगा झोळी घेऊन पाच घरी उभा राहायचा. वार लावलेला मुलगा आठवड्याच्या सात दिवशी सात घरी जेवायचा. सोमवारी जोशांकडे, मंगळवारी कुलकर्ण्यांकडे, बुधवारी आणखी कोणाकडे. १९०९ साली पुण्यात स्थापन झालेल्या अनाथ विद्यार्थी गृहाचा, म्हणजे आजच्या पुणे विद्यार्थी गृहाचा, प्रारंभीचा आधारही ही मधुकरीच होती.

या रिवाजाचे गोडवे गाताना त्याची कडू बाजू झाकून ठेवणे प्रामाणिकपणाचे नाही. वाराच्या घरी कधी शिळे वाढले जाई, कधी जेवणाच्या बदल्यात पाणी भरावे लागे आणि मिंधेपणाची सल जन्मभर राही. त्याहून मोठा दोष असा की, ही दारे ठरावीक जातींच्याच मुलांसाठी उघडी होती. बहुजन समाजातील आणि अस्पृश्य मानल्या गेलेल्या मुलाला वार लावायला घर नव्हते आणि झोळी घेऊन उभे राहायला उंबरठाही नव्हता. ही उणीव राजर्षी शाहू महाराजांनी ओळखली. १९०१ साली कोल्हापुरात मराठा विद्यार्थ्यांसाठी आणि त्यापाठोपाठ जैन, मुसलमान, लिंगायत, अस्पृश्य अशा निरनिराळ्या समाजांच्या विद्यार्थ्यांसाठी त्यांनी वसतिगृहांना उदार आश्रय दिला. कर्मवीर भाऊराव पाटील त्यापुढे गेले. १९२४ साली त्यांनी साताऱ्यात सुरू केलेल्या छत्रपती शाहू बोर्डिंगमध्ये सर्व जातींची मुले एका पंगतीत जेवू लागली. मुलांच्या जेवणाची चणचण पडली तेव्हा लक्ष्मीबाईंनी अंगावरचे दागिने विकले. पुण्यात १९५५ साली डॉ. अच्युतराव आपटे यांनी विद्यार्थी साहाय्यक समिती उभी केली आणि खेड्यांतून आलेल्या मुलांना मिंधेपणा न देता, स्वतःच्या श्रमावर उभे राहून शिकता येईल अशी व्यवस्था दिली.

मधुकरीपासून विद्यार्थी साहाय्यक समितीपर्यंतच्या या प्रवासात बरेच काही बदलले आणि ते चांगल्यासाठीच बदलले. पण एक गोष्ट समान राहिली. मंगळवारचा मुलगा आला नाही, तर घरातली माउली भाताचे पातेले झाकता झाकता म्हणायची, ‘आज तो आला नाही, आजारी तर पडला नसेल ना?’ मग घरातले एखादे पोर त्याच्या खोलीवर धाडले जाई. बोर्डिंगात पंगतीत एक ताट रिकामे राहिले तर ते लक्ष्मीबाईंच्या ध्यानात येई. विद्यार्थी आला नाही, हे कोणाला तरी कळत होते. त्या व्यवस्थेचा प्राण अन्नापेक्षाही या कळण्यात होता.

खाडा आणि हजेरी

आज विद्यार्थी मेसमध्ये जेवतो. महिन्याचे पैसे आगाऊ भरायचे, कार्डावर खूण करून घ्यायची आणि ताट घ्यायचे. रविवारी दुपारी फीस्ट, रात्री मेस बंद. मेसवाल्या काकू अनेकदा प्रेमळही असतात, त्यांच्याविषयी तक्रार करण्याचे कारण नाही. पण मेसच्या हिशेबात न जेवलेल्या वेळेला ‘खाडा’ म्हणतात आणि खाडा ही पैशाची बाब असते. किती खाडे धरायचे आणि किती बुडाले यावर वाद होतो. खाडा का पडला, हे विचारण्याचा प्रघात नाही.

खोलीचेही तेच. तीन कॉट टाकलेल्या खोलीत ‘कॉट बेसिस’वर जागा मिळते. वर डिपॉझिट, दलाली आणि नियमांची यादी. घरमालकाशी महिन्यातून एकदा, भाडे देताना, बोलणे होते. मुलींच्या वाट्याला जास्तीचे नियम येतात. रात्री परतण्याची वेळ, भेटायला कोणी येऊ नये, भ्रमणध्वनीवर गॅलरीत बोलू नये. ग्रंथालय रात्री उशिरापर्यंत उघडे असते, पण त्याचा लाभ तिला घेता येत नाही. राज्य शासनाने २०२४ साली आठ लाखांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींचे व्यावसायिक अभ्यासक्रमांचे शिक्षण व परीक्षा शुल्क पूर्णपणे माफ केले, हे पाऊल स्वागतार्हच आहे. पण शुल्क माफ झालेल्या मुलीला शहरात सुरक्षित आणि परवडणारी खोली मिळाली नाही, तर वडील तिला जिल्ह्याबाहेर पाठवतीलच असे नाही. ज्या विद्यापीठाला २०१४ पासून सावित्रीबाई फुले यांचे नाव आहे, त्याच्या शहराने तरी हा विचार प्राधान्याने करायला हवा.

आणखी एक गोष्ट बोलायला अप्रिय आहे, म्हणूनच ती बोलली पाहिजे. खोली पाहायला गेलेल्या मुलाला आजही काही घरांत आधी आडनाव विचारले जाते. आडनाव ऐकले की, आतापर्यंत रिकामी असलेली खोली ‘कालच गेली’ असे उत्तर येते. विचारणारे लोक वाईट असतात असे नाही. देवधर्म करणारे, वर्गणी देणारे, सभ्य लोक असतात. म्हणूनच हा प्रश्न कायद्यापेक्षा अंतःकरणाचा अधिक आहे. समरसतेची भाषणे ऐकून टाळ्या वाजवणे सोपे आहे. तिची परीक्षा जिन्यावर, खोली दाखवताना होते.

न्यूयॉर्कची खोली, बडोद्याची खोली

या संदर्भात भारतरत्न डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांच्या विद्यार्थिदशेचे स्मरण होणे अपरिहार्य आहे. १९१३ सालच्या जुलै महिन्यात ते न्यूयॉर्कला पोहोचले आणि कोलंबिया विद्यापीठात पदव्युत्तर शिक्षणासाठी दाखल झाले. वय बावीस, म्हणजे आज वाकडेवाडीला उतरणाऱ्या मुलाएवढेच. भाषा परकी, अन्न परके, शहर अवाढव्य. प्रारंभी ते हार्टली हॉल या वसतिगृहात उतरले, तेथील जेवण मानवले नाही, जागा बदलावी लागली. पुढे लिव्हिंग्स्टन हॉलमध्ये ते स्थिरावले. तेथे त्यांना नवल भथेना हे पारशी मित्र मिळाले. सयाजीराव गायकवाडांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती होती. प्रा. सेलिग्मन यांच्यासारखे अर्थशास्त्राचे गुरू लाभले. १९१५ साली ते एम.ए. झाले. नवल भथेना यांची मैत्री पुढेही टिकली. १९२० साली अपुरे शिक्षण पूर्ण करण्यासाठी बाबासाहेब पुन्हा लंडनला निघाले, तेव्हा कर्जाऊ रक्कम देणाऱ्यांत हाच वसतिगृहातला मित्र होता.

एक खोली, दरमहा पोहोचणारी रक्कम, एक गुरू आणि एक मित्र. परक्या मुलखात रुजण्यासाठी एवढ्या चार गोष्टी पुरल्या. बुद्धी आणि कष्ट त्यांचे स्वतःचे होते. त्यांना फळ येण्यासाठी ही चार बोटे जमीन आवश्यक होती.

आता याच कथेचा दुसरा भाग पाहावा. १९१७ साली तेच डॉ. आंबेडकर कराराप्रमाणे बडोदा संस्थानच्या सेवेत रुजू होण्यासाठी आले. न्यूयॉर्क आणि लंडनमध्ये राहिलेल्या या विद्वानाला बडोद्यात राहायला खोली मिळाली नाही. पारशी नाव सांगून त्यांना पारशांच्या धर्मशाळेत राहावे लागले. ओळख उघड झाल्यावर लाठ्या घेतलेला जमाव आला आणि त्यांना तेथून बाहेर काढण्यात आले. बडोद्याच्या बागेत झाडाखाली बसून त्या दिवशी त्यांनी काय भोगले, ते त्यांनी स्वतः लिहून ठेवले आहे. सात समुद्रांपलीकडे जी खोली मिळाली ती स्वदेशात मिळाली नाही, ही वेदना हिंदू समाजाने कधी विसरू नये. ‘कालच गेली’ असे जिन्यावरून सांगणाऱ्याच्या मनात कदाचित काहीच नसेल, पण ऐकणाऱ्याला बडोदा आठवते.

आणखी एक उदाहरण एका मुलीचे. डॉ. आनंदीबाई जोशी १८८३ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, वैद्यकीय शिक्षणासाठी अमेरिकेला गेल्या. न्यू जर्सीतील रोझेल या गावच्या कार्पेंटरबाईंनी त्यांना आपल्या घरी उतरवून घेतले. या दोघींमध्ये नाते नव्हते, धर्म एक नव्हता, भाषा एक नव्हती. एका नियतकालिकात छापलेला गोपाळरावांचा पत्रव्यवहार वाचून त्या बाईंनी आपण होऊन पत्र लिहिले होते आणि तीन वर्षांच्या पत्रांतून त्या आनंदीबाईंच्या मावशी झाल्या होत्या. पुढे फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयात शिकताना थंडी आणि न मानवणारा आहार यांनी आनंदीबाईंची प्रकृती ढासळली. १८८६ साली त्या एम.डी. झाल्या आणि पुढल्याच वर्षी पुण्यात त्यांचे निधन झाले. त्या मुलीची जिद्द आजही अंगावर काटा आणते. पण परक्या देशातल्या एका गृहिणीने दार उघडले नसते, तर त्या जिद्दीला पहिले पाऊल तरी टाकता आले असते का? आणि खोली, अन्न व आरोग्य यांची हेळसांड झाली की केवढी किंमत मोजावी लागते, हेही त्याच आयुष्याने दाखवून दिले.

करता येण्याजोगे

विद्यार्थ्यांच्या एकटेपणाचे दुखणे आज केवळ पुण्याचे नाही. उच्च शिक्षण संस्थांतील विद्यार्थ्यांच्या आत्महत्यांची दखल घेऊन सर्वोच्च न्यायालयाने मार्च २०२५ मध्ये न्या. रवींद्र भट यांच्या अध्यक्षतेखाली राष्ट्रीय कृती दल नेमले. प्रश्न न्यायालयापर्यंत गेला, याचा अर्थ त्याआधीचे अनेक दरवाजे बंद होते. समुपदेशक नेमावेत, मदतीचे दूरध्वनी क्रमांक लावावेत, हे सारे हवेच. परंतु जो मुलगा वर्गात तोंड उघडत नाही, तो अनोळखी क्रमांकावर तरी काय बोलणार? त्याला आधी कोणीतरी नावाने हाक मारायला हवी.

विद्यापीठांना करता येण्याजोगी पहिली गोष्ट साधी आहे. प्रवेशाची यादी आणि वसतिगृहाची यादी एकाच आठवड्यात लावावी. प्रत्येक विभागाने नव्या विद्यार्थ्यामागे दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी आणि दहा-बारा जणांमागे एक शिक्षक नेमावा, आणि सलग तीन दिवस जो दिसला नाही त्याची चौकशी करणे हे त्यांचे काम असावे. इंग्रजी वाचनाची तयारी करून घेणारा वर्ग पहिल्याच महिन्यात घ्यावा आणि त्याला कमीपणाचा शिक्का लागू देऊ नये.

शासनाचे काम वेळ पाळण्याचे आहे. वसतिगृहात प्रवेश न मिळालेल्या अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी २०१६-१७ मध्ये सुरू झालेल्या स्वाधार योजनेत पुण्या-मुंबईसारख्या शहरांसाठी भोजन, निवास व निर्वाह मिळून वर्षाला ६० हजार रुपये, म्हणजे महिन्याला पाच हजार ठरवण्यात आले. अन्य समाजघटकांसाठीही अशा योजना आहेत. योजना चांगल्या आहेत. पण मेसचे पैसे महिन्याच्या एक तारखेला भरावे लागतात आणि घरभाडे पाच तारखेला. सत्र संपल्यावर खात्यात आलेली रक्कम कर्ज फेडण्याच्या उपयोगी पडते, शिकण्याच्या नव्हे. सयाजीरावांचे साडेअकरा पौंड दरमहा पोहोचत होते, यातच त्यांचे मोल होते.

घरच्या मंडळींनीही एक गोष्ट ध्यानात घ्यावी. आठवड्याच्या फोनवर ‘अभ्यास कसा चाललाय’ एवढेच विचारले की उत्तर ‘चांगला’ असेच येते. आज काय जेवलास, खोलीत कोण आहे, आज कोणाशी बोललास, हे विचारले तर मूल खरे बोलते. दोन वर्षांत त्याने नोकरी आणलीच पाहिजे, असा हिशेब रोज ऐकवला तर ते घरी फोन करणेच टाळते.

विद्यार्थ्याच्या अंगी मात्र थोडे धारिष्ट्य हवे. शहर आपल्याकडे येणार नाही, आपणच चार पावले टाकली पाहिजेत. पहिल्या महिन्यात एका शिक्षकाला वर्गाबाहेर भेटावे, ग्रंथालयात रोजची एक जागा ठरवावी, संध्याकाळी एखाद्या मैदानावर जावे, विद्यापीठाच्या ‘कमवा व शिका’ योजनेत काम मिळत असेल तर संकोच न करता घ्यावे. आपल्या जिल्ह्याचे मित्र जरूर असावेत. पण फक्त त्यांच्यातच राहिले तर गाव सुटत नाही आणि शहर भेटत नाही. बोलीची लाज तर मुळीच बाळगू नये. शुद्ध बोलणाऱ्याला जे सांगता येत नाही, ते कित्येकदा वऱ्हाडी माणूस एका वाक्यात सांगतो.

उरतात ती शहरातली घरे. मुले परदेशी गेलेल्या, तीन खोल्यांच्या घरात दोनच माणसे राहणाऱ्या किती सदनिका आज कोथरूडमध्ये, सहकारनगरमध्ये, औंधमध्ये आहेत! त्या घरांतला मुलगाही तिकडे कुठल्यातरी शहरात पदव्युत्तर शिक्षणासाठीच गेला होता आणि पहिल्या हिवाळ्यात तेथल्या एखाद्या मराठी कुटुंबाने त्याला वरण-भातासाठी घरी बोलावले, तेव्हा इकडे आईच्या डोळ्यांत पाणी आले होते. ते ऋण फेडण्याची जागा आपल्याच गल्लीत आहे. महिन्यातून दोन रविवार एका विद्यार्थ्याला घरी जेवायला बोलवावे. आडनाव विचारू नये, गाव विचारावे. उपकाराची भाषा नको, प्रवचन नको, निकालाची चौकशी नको. ताट वाढावे आणि गप्पा माराव्यात. मधुकरीतला मिंधेपणा आणि भेद आपण टाकून दिला, ते योग्यच केले. त्यातली आस्था टाकून देण्याचे काही कारण नव्हते.

एका घराने एक विद्यार्थी जोडला म्हणून शिक्षणव्यवस्था सुधारणार नाही, हे खरे. खोल्यांची भाडी कमी होणार नाहीत आणि शिष्यवृत्तीही वेळेवर येणार नाही. पण एखाद्या रविवारी तो मुलगा आला नाही, तर निदान एका घरात कोणीतरी घड्याळाकडे पाहील, ताटावरचे झाकण काढता काढता थांबेल आणि विचारील, ‘आज तो आला कसा नाही? बघा बरं जरा फोन करून.’

चारशे किलोमीटरवरच्या त्या वडिलांनी, खिशातल्या नोटा मोजून देताना, या शहराकडे मनातल्या मनात एवढेच मागितलेले असते.